कान झाकलेल्या बायका

सहावीत असताना शाळेच्या लायब्ररीतून मी राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या एका नामांकित इंग्रज लेखकाची जाडजूड कादंबरी घरी आणली. वाचायला नव्हे, चित्रं बघायला. शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसीखाली पालथी पडून पानं उलटत होते आणि मध्यावर अडले. नायक तोच, कोट तोच, पण माणूस कुणीतरी भलताच.

"आई, दिस इज नॉट हिम!"

आई हात पुसत आली. लग्नाआधी ती पुण्यात एका मासिकासाठी चित्रं काढायची, एवढं मला ऐकून माहीत होतं. हातात पेन्सिल घेतलेली तिला मी कधी पाहिली नव्हती. तिनं दोन्ही पानं आलटून पालटून पाहिली.

"चित्रकार बदललाय. या कादंबऱ्या तेव्हा हप्त्याहप्त्यानं छापायचे. पहिला मध्येच सोडून गेला असेल, दुसऱ्याला म्हणाले असतील, त्याच्यासारखंच काढ. चेहरा बराच जमवलाय बिचाऱ्यानं. पण कान बघ. नक्कल करताना कानाकडे कुणाचं लक्ष जात नाही."

खरंच, पहिल्याचे कान पुरीसारखे फुगलेले होते, दुसऱ्याचे चपटे. मग खरा नायक कुठला? "दोघंही," आई म्हणाली. मला हे मुळीच पटलं नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या अजमानच्या एका शाळेनं तिला ड्रॉइंग टीचरच्या इंटरव्ह्यूला बोलावलं. येताना छापून आलेलं काम आणा, म्हणाले. आईला ही नोकरी फार हवी होती. बाबा दिवसभर दुबईत, मी शाळेत, ती घरात एकटी. कुणी विचारलं की "मी काहीच करत नाही" असं हसत सांगायची. त्या हसण्याचा मला राग यायचा.

कपाटावरची बॅग खाली आली. आतून मासिकातल्या एका क्रमशः कादंबरीची बारा चित्रं निघाली, अंक-तारखेशिवाय नुसतीच कापून ठेवलेली. ती पसरून आई एकेक निरखू लागली. कादंबरी अर्धी झाली तेव्हा आधीच्या चित्रकारांना मोतीबिंदू झाला आणि संपादकांनी काम तिच्याकडे दिलं होतं. अट एकच, वाचकांना पत्ता लागता कामा नये. नावही शेवटपर्यंत त्यांचंच छापलं.

"यातली माझी कुठली, तेच मला ओळखू येईना," ती म्हणाली.

"अगं, कुठलीही तीन ने," बाबा म्हणाले. "खलास, झालं काम! तिथे कोण विचारतंय?"

"मी विचारतेय ना!" आई जोरात ओरडली.

माझं डोकं चालेना. दुसऱ्याचा हात एका नजरेत ओळखणाऱ्या बाईला स्वतःचा ओळखू येत नाही? मी आपली कान शोधत बसले. सहा चित्रांत ते होते, सगळे एकाच साच्यातले. उरलेल्या सहांत कानच नव्हते. भाकऱ्या थापणारी, भांडणारी, अगदी झोपलेलीसुद्धा, प्रत्येकीच्या डोक्यावर पदर.

"आई, व्हेअर आर देअर इअर्स?"

आईनं एक चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि हसतच सुटली. "त्यांच्यासारखे कान मला काही केल्या जमेनात गं! चोरी पकडली जाईल म्हणून मी सगळ्यांना पदर दिला!" हसता हसता तिचे डोळे भरून आले.

इंटरव्ह्यूला ती मलाही घेऊन गेली. प्रिन्सिपल मॅडम काळ्या, पायघोळ अबायात होत्या, डोक्याला घट्ट शेला. त्यांनी सहाही चित्रं निरखली. "माशाल्ला! ऑल कव्हर्ड. सो डीसंट. यू अंडरस्टँड अवर स्कूल."

मी आईकडे बघितलं. आता गप्प राहायचं, एवढं मलाही कळत होतं.

"नो मॅडम," आई म्हणाली. "आय कुड नॉट ड्रॉ द इअर्स."

मॅडमना काही कळेना. आईनं जमेल तसं सगळं सांगितलं. मॅडमनी चित्रं बाजूला ठेवली. मग एक कोरा कागद आणि पेन्सिल पुढे सरकवून स्वतःच्या शेल्याला हात लावत म्हणाल्या, "देन ड्रॉ मी. नो इअर्स."

आईनं काढलं. नोकरी मिळाली. पदरामुळे, खरं बोलल्यामुळे की त्या चित्रामुळे, हे आम्हाला आजवर उलगडलेलं नाही. पण निघताना मॅडमनी तो कागद परत पुढे केला आणि म्हणाल्या, "युअर नेम, प्लीज."

आई पेन्सिल धरून नुसतीच बघत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "कुठे लिहायचं असतं गं?"