सुताचा हार

तमाम जनतेला अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, दोन ऑक्टोबरच्या सकाळी नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीत एकही माणूस झोपलेला नसतो. सुट्टी असूनही! याचं श्रेय देशभक्तीला द्यायचं की कार्यक्रमानंतरच्या मिसळीला, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. माईक दर वर्षी माझ्याकडे असतो आणि तो माझ्या हातून काढून घेण्याचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

आमच्याकडे बापूंच्या फोटोला त्या दिवशी फुलांचा हार घालत नाहीत, सुताचा घालतात. तो तळमजल्यावरच्या काकू करायच्या. दुपारची जेवणं आटोपली की दारात खुर्ची टाकून टकळीवर सूत कातत बसायच्या, वर्षभर. समोर काका पेपर वाचत. कुणी जाता-येता थांबलं की काकांना चेव यायचा.

"हिला सांगा हो कुणीतरी, इंग्रज गेले म्हणून."

"ते गेले," काकू दोऱ्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "तुम्ही आहात ना अजून."

या श्रावणात काकू गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि संपलंच. हार अर्धा राहिला होता.

दिवसकार्य झाल्यावर मी एकदा दुपारी डबा द्यायला गेले, तर दारातल्या त्या खुर्चीत काका. हातात टकळी. मांडीवर कापसाचे पेळू आणि तुटलेल्या दोऱ्यांचा हा एवढा गुंता. मी थट्टेचं काहीतरी बोलणार होते, पण जीभ आवरली. माझ्या बाबतीत ही घटना नोंद घेण्याजोगी आहे.

"इतकी वर्षं समोर बसलो," काका म्हणाले, "पण तिचा हात नेमका कसा फिरतो ते कधी बघितलंच नाही गं."

तरी त्यांनी तो हार पुरा केला. एका बाजूचं सूत केसासारखं बारीक, एकसारखं. मग एक गाठ. गाठीपुढे कुठे जाडं, कुठे पीळ पडलेलं, कुठे नुसता कापूसच. काकू कुठे थांबल्या ते आंधळ्याच्याही हाताला लागलं असतं. दोन ऑक्टोबरला सकाळी त्यांनी तो माझ्यासमोर ताटात ठेवला आणि हलकेच म्हणाले, "एवढा फोटोवर चढला की झालं. तिचं काम अर्धं राहिलं, असं नको."

कार्यक्रम सुरू झाला. प्रमुख पाहुणे शेजारच्या सुकापूर गावचे. आमची सोसायटी उभी आहे ती जागा एकेकाळी त्यांचं भातशेत होती आणि हे ते दर वेळी आनंदाने सांगतात, "तुमच्या पार्किंगमदी आमी चिंबोऱ्या पकडल्यात!" अध्यक्ष नवे, तळोज्याच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. ताटात दोन हार होते, झेंडूचा आणि सुताचा. मी माईकवर भारदस्त आवाज लावून म्हणाले, "आता अध्यक्ष महोदय हार अर्पण करतील." पाहुणा आधी, फोटो नंतर, ही त्यांच्या कारखान्यातल्या सभांची रीत. त्यात सुताचा हार जास्त मानाचा, असा अध्यक्षांचा हिशेब. त्यांनी तो उचलला आणि थेट पाहुण्यांच्या गळ्यात घातला.

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या काकांचा हात अर्धवट वर गेला आणि तिथेच राहिला.

पाहुण्यांनी गळ्याकडे पाहिलं. बोटांनी ते गाठीचं सूत चाचपलं. "हा फोटोचा हाय ना? माझ्या पणज्यानं चिरनेरच्या सत्याग्रहात पोलिसांचा मार खाल्ला, त्याला कोनी हार घातला नाय. मला कशाला?" आणि ते हार काढून फोटोकडे वळले.

"थांबा!" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उभ्याच राहिल्या. "माणसाच्या गळ्यात घातलेला हार आता तिथे कसा चालेल? निर्माल्य झालं ते."

"वहिनी, तो देवाचा फोटो नाहीये," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"मग कुंकू कशाला लावलंत?"

"थोडं गोमूत्र शिंपडा आणि घाला."

"सुताला डाग पडतील की!"

"अहो, झेंडूचा घालून टाका ना, तर्री थंड होतेय."

अध्यक्षांचा चेहरा पडला होता. ज्यांनी आयुष्यभर केमिकलच्या टाक्या सांभाळल्या, त्यांना एक हार सांभाळता आला नव्हता. पाहुणे तो हार दोन्ही तळव्यांवर धरून उभे होते, जसं झोपलेलं तान्हं बाळ धरावं. ना पुढे जाता येत होतं, ना मागे. माईक माझ्याच हातात होता, आणि मी त्याचं बटण उगाच चालू-बंद करत होते.

काका उठले. खुर्चीच्या पाठीला धरत, एकेक पाऊल टाकत पाहुण्यांपर्यंत गेले. सगळ्यांनी वाट करून दिली. वहिनींनीसुद्धा. आता काका हार घेऊन घरी जाणार, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. त्यांनी हार हातात घेतला, बारीक सुतावरून अंगठा फिरवला, गाठीपाशी थांबले. मग एकदम वहिनींकडे वळले आणि ज्यांना काकू गेल्यापासून मोठ्याने बोलताना आम्ही ऐकलं नव्हतं, त्या काकांच्या तोंडून भर सभेत निघून गेलं,

"अहो, दर वर्षी माझ्याच गळ्यात घालून माप घ्यायची ती!"