पेन्सिलीनं लिहिलेली यादी

कात्र्या, चिमटे, कापसाचे बोळे मोजण्यात माझी बावीस वर्षं गेली. ऑपरेशनच्या आधी मोजायचं, पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायचं. त्यामुळं मोजण्याची मला सवय होती, भीती नव्हती. पण काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात खुद्द ऑपरेशन थिएटरच मोजायचा फॉर्म आला, आणि तो भरायचं काम इन्चार्ज सिस्टर म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

यादीतली पहिली केस किती वाजता ठरली होती, किती वाजता टेबलावर आली, किती केस रद्द झाल्या, यावरून थिएटर किती कामात येतं त्याचा टक्का काढायचा. मला तो फॉर्म आवडला होता. वाटलं, आता वरच्यांना कळेल की इथं टेबल आहे, दिवा आहे, सर्जन आहेत, फक्त भूल द्यायला कुणी नाही. तीन दवाखान्यांत मिळून एकच भूलतज्ज्ञ. आमच्याकडं मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, तेही बाराच्या सुमाराला, आणि कधी यायचेच नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सुरुवातीचे फॉर्म मी इमानदारीनं भरले. आढावा बैठकीत सगळ्यांसमोर माझीच हजेरी घेतली गेली. "नऊची केस पावणेबाराला? सिस्टर, जरा नियोजन शिका." वड्याचं तेल वांग्यावर. भूलतज्ज्ञाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

मग मी नियोजन शिकले. थिएटरच्या वहीतली यादी पेन्सिलीनं लिहायला लागले. भूलतज्ज्ञ दारात गाडीतून उतरले की मगच नावं शाईनं गिरवायची आणि पहिल्या केसची वेळ तेव्हाचीच टाकायची. आले नाहीत तर सगळी नावं खोडून टाकायची. यादीत नाव नाही म्हणजे उशीर नाही आणि रद्दही नाही. ही युक्ती कुणी शिकवली नव्हती, माझीच. एप्रनच्या खिशात खोडरबर असायचं. टक्का असा चढला की पुढच्या बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू?

त्याच दिवसांत लिंबागणेशच्या बाजूचे एक मामा यायला लागले. मेंढरं राखणारे, साठीच्या पुढचे, सोबत बायको. त्यांना अंतर्गळ झाला होता. जांघेत लिंबाएवढी गाठ यायची, ती हातानं आत ढकलून ते दिवसभर रानात हिंडायचे. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं सर्जननी बजावलं होतं. पहिल्या खेपेला मामा आदल्या रात्रीपासून उपाशी आले आणि भूलतज्ज्ञ आलेच नाहीत. दुसऱ्या खेपेला भूलतज्ज्ञ आले, पण नावं शाईनं गिरवण्याआधीच अडलेली बाळंतीण आली, तिचं सिझेरियन आधी घ्यावं लागलं आणि दिवस गेला. दोन्ही वेळा मी मामांचं नाव खोडलं.

तिसऱ्या खेपेला ते हिरवा गाऊन घालून सकाळपासून बाकावर बसून होते. भूलतज्ज्ञ दोन वाजता आले. थिएटरची वेळ दोनपर्यंतच; त्यानंतर तातडीची नसलेली केस घेतली की ते वेळेबाहेर चाललं असं फॉर्मवर दिसायचं आणि टक्का घसरायचा. काम तासाभराचं होतं. सर्जननी मला विचारलं, "काय करायचं, सिस्टर?" मी घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "मंगळवारी घेऊ."

मामा हसले. "बाई, न खपलेली शेळी बी बाजाराला इतक्या खेपा करत न्हाई."

"मंगळवारी पहिला नंबर तुमचाच, मामा."

"मेंढरं सोडून सारखं काहून यायचं? बघतो."

मंगळवारी ते आले नाहीत. मला वाटलं, कंटाळले असतील.

दीड महिन्यानं त्यांची बायको एकटीच आली. थिएटरच्या दाराशी चपला काढून उभी राहिली. रानातच आतडं अडकलं, मोठ्या दवाखान्यात न्यायला दुसरा दिवस उजाडला, आणि तिथं मामा गेले. सांगताना ती रडली नाही. तिचं काम वेगळंच होतं.

"बाई, दीर आन् भावकी म्हंत्यात, तूच त्याला दवाखान्यात न्हेलं न्हाई, रानात मरू दिलंस. आमी तीनदा आलतो की हितं. केसपेपर तिकडं मोठ्या दवाखान्यात ऱ्हायला. तुमच्या वहीत आसंल ना? तेवढं कागदावर लिहून द्या, दाखविते त्यांला."

मी वही काढली. काय निघणार ते ठाऊक असून काढली. पहिल्या तारखेचं पान कोरं. दुसऱ्यावर बाळंतिणीचं नाव, माझ्याच अक्षरात, शाईनं. तिसऱ्यावर इतकं खोडलेलं की कागद झिजला होता. साध्या कागदावर चार ओळी लिहून मी सही करू शकले असते. पण ती सही म्हणजे माझ्या सगळ्या फॉर्मांची कबुली ठरली असती. मी घाबरले.

"नाही दिसत, मावशी."

तिला वाचता येत नव्हतं, तरी ती वाकून पान बघत राहिली. "नीट बघा की. मी सोता हुते त्यांच्यासंगं."

"नाव नाही."

मग तिनं मलाच विचारलं, "मंग आमी आलतोच न्हाई का, बाई?"

मी वही मिटली. तिनं चपला घातल्या आणि ती गेली. त्या शुक्रवारीही यादी मी पेन्सिलीनंच लिहिली.