न हललेली मान

मी विद्यापीठात भूजल शिकवतो. गावी, वैरागला वडील आणखी खोल बोअर घ्यायला निघाले होते. पाणी लागणार नाही, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "टीव्हीवर सांग, मग बघू." ज्यांनी मला शिकवलं, त्यांना माझा एवढाच भरवसा!

योगायोगानं एका वाहिनीचा बातमीदार आला. आमच्या भागात खोल बोअरला पाणी लागेल का, असं त्यानं विचारलं. त्यालाही मी कॅमेऱ्यापुढे स्पष्ट "नाही" सांगितलं. मग तो म्हणाला, "सर, आता बोलू नका, नुसती मान हलवा. मधे जोडायला लागतं."

"कशाच्या मधे?" मी विचारलं. तो नुसता हसला. मला शंका आली. मी ताठ बसून राहिलो.

संध्याकाळच्या बातमीत माझं "नाही" कापलेलं होतं. बोअरच्या मशीनचा मालक पाण्याची खात्री देत होता आणि मधेमधे गप्प बसलेला मी दिसत होतो.

वडिलांचा फोन आला. "त्यो लई बोलला, पर तुजी मान काय हलली न्हाय की. मशीन नको म्हणून सांगितलं."