कायगो काकीची वगार

आमच्या शेजारच्या काकीनं सरळ उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नाही. "काकी, जेवलीस?" विचारलं की म्हणायची, "न जेवता एवढं बोलेन काय गो?" पोरांनी तिचं नावच कायगो काकी ठेवलं होतं. लग्न होऊन मी जिते गावाजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात आले, तेव्हा सुरुवातीला मला ती भांडतेच आहे असं वाटायचं.

गुडघे गेल्यावर काकीनं आपली वगार, म्हणजे अजून न व्यालेली तरुण म्हैस, वाडीवरच्या सोमीला अर्धेलीने दिली. सोमीनं चारायची, धुवायची. पहिलं पारडू काकीचं, दुसरं सोमीचं, पुढे तसंच आळीपाळीनं. लिहिणं नाही, साक्षीदार नाही.

मग एका उधाणाला बांध फुटला आणि खारं पाणी गुरचरणात शिरलं. पाणी ओसरलं, गवत मात्र करपलं ते करपलंच. सोमी डोंगरातून डोक्यावर भारे आणून थकली. एक दिवस म्हैस घेऊनच दारात उभी राहिली.

"काकी, घे तुझी. गाभण हाय. उपाशी मारू काय हिला?"

"आता तूपण माझ्यासारखी बोलायला लागलीस काय गो?" काकीनं तिला चहा दिला. म्हैस काही बांधून घेतली नाही.

तेवढ्यात गुरचरण बुडालेल्या गुरांसाठी सरकारी मदत जाहीर झाली. मदत मालकाला मिळणार होती. तलाठी पंचनामे करत काकीच्या अंगणात आले, तेव्हा सोमीही म्हैस दाखवायला घेऊन आली होती.

"आजी, म्हशीचा मालक कोण?"

"पाणी शिरल्यापासून हिला चारा कोण घालतंय?"

"ते नाही विचारलं. मालक कोण?"

"मंग तेच सांगतेय ना? सोमी."

सोमी "नाय, नाय" म्हणेपर्यंत तिचं नाव चढलंसुद्धा. पैसे तिच्या खात्यात आले, त्यातून पेंढा आला, म्हैस तगली.

रविवारी काकीचा अष्टमी गावात राहणारा मुलगा आला आणि ओट्यावरूनच सुरू झाला, "आई, गेली आपली म्हैस! आता ती सोमी पारडू देईल?"

"कागदाला दूध येतं काय रे?"

"कागदाला नाय, कागदवालीला येतं!"

काकी त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेली. काकीनं सोमीचं नाव मुद्दाम सांगितलं, की बोलण्याच्या सवयीनं तिचा घात झाला? नळावर दोन तट पडले. मलाही ते कोडं सुटेना.

म्हैस विण्याआधीच मुलानं काकीला अष्टमीला न्यायचं ठरवलं. टेम्पोत बसवताना मी विचारून घेतलं, "काकी, सोमी पारडू देईल?"

"तू असतीस तर दिलं असतंस काय गो?"

टेम्पो निघाला. काकी परत आली नाही. अष्टमीतच वारली.

म्हशीला पारडी झाली. ती चरायला लागल्यावर सोमी तिला घेऊन आली आणि काकीच्या बंद गोठ्याच्या खुंट्याला बांधली. "काकीची हाय," एवढंच म्हणाली. मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, इथे दुसऱ्या मजल्यावर कुठे ठेवू? तुम्ही अर्धेलीने घेता?"

घेतली. पेंड, पेंढा, डॉक्टर, सगळं मीच बघते. कानातला बिल्लाही माझ्याच नावाचा, कारण गुरांच्या दवाखान्याची माणसं तो मारायला आली तेव्हा घरात मीच होते. यंदा ती गाभण आहे. पहिलं पारडू काकीच्या मुलाचं.

परवा आमचे हे म्हणाले, "बिल्ला तुझ्या नावाचा, म्हणजे म्हैस तुझीच की."

मी म्हटलं, "बिल्ल्याला दूध येतं काय हो?"