पडद्याचे चार ठोकळे

"ताई, माझे चारही आधी परत दे!"

"नाही देत, जा! दिवसभर नुसती खर्र-खर्र. घरात माणसं राहतात की गिरणी चालते?"

दाराआड उभ्या असलेल्या सात वर्षांच्या पोरीने आई आणि मावशीचं एवढंच ऐकलं. चार काय, ते तिला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिची मावशी विणायचं यंत्र उचलून गेली ती गेलीच. ताईने परत दिल्याशिवाय एक टाका घालणार नाही म्हणाली आणि खरंच घातला नाही. हट्टात दोघी बहिणी तोडीस तोड!

तीस वर्षांनी मावशी वारली आणि यंत्र भाचीच्या वाट्याला आलं. भाची चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. बारीक कामाची तिला सवय होती. पण यंत्राचं झाकण उघडलं आणि ती बघतच राहिली. एका ओळीत दोनशे सुया, आणि प्रत्येकीच्या टोकाला उघडमीट करणारी इवलीशी जीभ.

"आई, ही तर तोंडं आहेत गं!"

"तोंडं बघून झाली असतील तर ऐक. रविवारी भंगारवाला यायचाय. तोवर वीतभर विणून दाखव, नाहीतर हे धूड घरात नको."

वरची पेटी या टोकाकडून त्या टोकाला सरकवली, की सगळी तोंडं लोकरीचा घास घेऊन मिटायची. तिच्या अंगावर काटा यायचा. पण चौथ्या ओळीला सगळं विणकाम वर चढून त्याचा गुंता व्हायचा. तेल घातलं, लोकर बदलली, हात जोडले, शिव्याही हासडल्या. यंत्र ढिम्म!

शनिवारी चिडून तिने विणकाम हाताने खाली ओढलं. ओढलं तेवढ्या जागेचे टाके शहाण्यासारखे उतरले. म्हणजे याला खालून ओढ हवी होती तर! पण सगळीकडे एकदम ओढायला माणसाला हात किती?

पाणी प्यायला ती स्वयंपाकघरात गेली. खिडकीतून भणाणा वारा येत होता आणि पडदा जागचा हलत नव्हता. तिला आठवतंय तसा तो असाच. खालच्या काठाला चार जड ठोकळे, प्रत्येकाला वाकडे दात. आज पहिल्यांदा तिला वाटलं, पडद्याला दात कशाला हवेत?

"आई, हे मावशीचे ना?"

आईने घासलेलं पातेलं पुन्हा घासलं. मग हात पुसले, खाली बसली आणि एकेक ठोकळा स्वतःच सोडवला.

"थांब, धुऊन देते. तेलकट झालेत."

चारही विणकामाच्या काठाला लटकवले. पेटी सरकली. पाचवी ओळ, दहावी, विसावी... कापड पाण्यासारखं खाली उतरत राहिलं. आई शेजारी उभीच्या उभी.

"एवढ्या सगळ्या सुया एकदम विणतात?"

"हो."

"मी कधी बघितलंच नाही गं. नुसता आवाज ऐकला."

रविवारी भंगारवाल्याला आईनेच दारातून वाटेला लावलं. ठोकळ्यांबद्दल मात्र नियम घातला, काम झालं की ते पडद्याला.

पुढे सव्वीस वर्षं दर गुरुवारी भाची इस्पितळात बारा टोप्या पोचवायची, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी. तिथे तिचं नावच टोपीवाली पडलं. आई गेली तरी नियम राहिला. आयुष्यातल्या शेवटच्या गुरुवारीही तिने ठोकळे पडद्याला अडकवले, मग इस्पितळाचा जिना चढली, धापा टाकत.

"टोपीवाल्या मावशी, बसा की जरा," नर्स म्हणाली.

"बसले तर उठवायला तूच लागशील."

तिने एक टोपी मुठीवर चढवून ताणून बघितली, बाराही टोप्या नर्सच्या हातात दिल्या, रिकाम्या पिशवीची घडी केली आणि जिना उतरली.