बद्रीआबांचा पाहुणा

बद्रीआबांनी मला दोन वर्षांत अकरा वेळा घराबाहेर काढलं. भांडून नव्हे, अगदी प्रेमाने. शाळा भरायच्या आधी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे, डोक्यावरची टोपी नीट करायचे आणि म्हणायचे, "गुरुजी, आज पाहुणा येई. तुमनी वळकटी शाळामा लई जा." मग मी वळकटी, ट्रंक आणि कंदील उचलून शाळेच्या ओसरीत नेऊन टाकायचो. पाहुणा काही यायचा नाही. दोन दिवस वारा खाऊन मला सर्दी झाली, की आबा स्वतः यायचे, माझी ट्रंक खांद्यावर घ्यायचे आणि पाहुणा का आला नसेल याची कारणं मलाच समजावत परत न्यायचे.

उमरझिरा हे गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या एका पठारावर आहे. मोटार पायथ्याच्या गावापर्यंतच यायची. पुढे आठ मैलांची चढण. स्वराज्य आल्यावर तिथे शाळा निघाली आणि तिचा एकुलता एक मास्तर म्हणून मला, धुळ्यात वाढलेल्या माणसाला, तिथे धाडण्यात आलं. वस्ती बहुतेक पावरा लोकांची. खालून जमिनीसाठी वर आलेली शेतकरी घरं चार, त्यांतलं एक आबांचं. पायथ्याला त्यांची केळीची बाग होती, ती त्यांचा मुलगा सुपडू बघायचा. एवढी हिरवीगार बाग, विहीर, नातू असं सगळं खाली टाकून आबा वर ज्वारी-तूर पिकवत बसले होते. त्यांच्याबरोबर त्यांची बायको, जिला सगळं गाव अक्का म्हणायचं, तीही गुडघे धरून वर बसली होती.

याचं मूळ हिमालयात होतं. स्वराज्याच्या आधी आबा गाववाल्यांबरोबर बद्रीनारायणाला गेले होते. वाटेत त्यांना ताप भरला. सोबतचे पुढे गेले आणि आबा एका डोंगरी गावात, एका म्हातारीच्या घरी दीड महिना पडून राहिले. त्या गावातल्या प्रत्येक घराला म्हणे एक खोली जास्तीची असायची, वाटसरूंसाठी. डोंगराला पायऱ्या पाडून शेती केलेली, अंगणात सेबाची, म्हणजे सफरचंदाची झाडं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांवर सगळं गाव नांदतं. आबा बरे होऊन परतले ते सेबाची दोन रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणि डोक्यात ती एक खोली घेऊन. तेव्हापासून त्यांचं नाव बद्रीआबा पडलं. "पाहुणा नही तं डोंगर नुसता दगड शे, गुरुजी," हे वाक्य मी दोन वर्षांत किती वेळा ऐकलं ते सांगत नाही, पण माझ्या शाळेतल्या पोरांनाही ते पाढ्यांसारखं पाठ होतं.

उमरझिऱ्यातली ती जास्तीची खोली म्हणजेच माझी खोली. गावात दुसरी राहण्याजोगी जागा नव्हती, म्हणून आबांनी ती मला दिली होती. पण दिली होती म्हणजे काय, तर मी जमिनीवर झोपायचं. कोपऱ्यात एक खाट होती, तिच्यावर गादी, गादीवर पांढरी चादर. ती पाहुण्याची. एक आरसा, एक न फोडलेला साबण आणि चोपड्याच्या बाजारातून डोक्यावर वाहून आणलेली एक खुर्ची. तीही पाहुण्याची. एकदा मी त्या खुर्चीवर बसून वह्या तपासल्या. आबा येऊन माझ्यासमोर नुसते उभे राहिले, मी उठेपर्यंत. मग खांद्यावरच्या पंच्याने खुर्ची पुसून गेले.

पाहुण्याला जे जे दाखवायचं, ते आधी माझ्यावर करून बघायचं, अशी त्यांची पद्धत होती. पौषातल्या थंडीत ते मला पहाटे उठवून कड्यावर न्यायचे. धुकं खाली उतरलं की दूरवर तापी चांदीच्या तारेसारखी दिसायची. ती खरंच सुंदर दिसायची, हे मी आज कबूल करतो. तेव्हा माझे दात वाजत असायचे आणि आबा विचारायचे, "पाहुणाले अठे उभं करानं का त्या दगडवर?" मी म्हणायचो, कुठेही करा. मग ते मला त्या दगडावरही उभं करून बघायचे. पाहुण्याला न्याहारीला काय द्यायचं याचाही सराव माझ्यावरच व्हायचा. कळण्याची भाकरी आणि ठेचा पाहुण्याला सोसेल का, हे माझ्या डोळ्यांत पाणी किती येतं त्यावरून ठरायचं.

शेतीचीही तीच तऱ्हा. हिमालयात पायऱ्यांची शेती बघितली म्हणून इथेही पायऱ्या. त्यांचं शेत जवळजवळ सपाट होतं. तरी त्यांनी दगड रचून त्याला चार पायऱ्या पाडल्या, आणि मग पेरणीच्या वेळी बैलांना एका पायरीवरून दुसरीवर चढवताना गडी रडकुंडीला येऊ लागले. मी म्हणालो, "आबा, डोंगर उतरता असतो म्हणून तिथे पायऱ्या करतात." ते म्हणाले, "दिसाले कशी दिसस ते दखा ना." पुढच्या पावसाळ्यात सगळ्यांच्या बांधावरून माती वाहून गेली आणि आबांच्या पायऱ्यांत ओल टिकून हरभरा छान आला, तेव्हा त्यांनी मला तो हरभरा आठ दिवस न बोलता खाऊ घातला. हे आणखी चीड आणणारं होतं.

आणि पत्रं. आबांना अक्षरओळख नव्हती, पण सांगायचं पुष्कळ होतं. कलेक्टरांना, मोटार कंपनीला, वर्तमानपत्राला, शेतकी खात्याला, सगळ्यांना ते माझ्याकडून पत्रं लिहवून घ्यायचे. 'आमचे गावी हवा अत्यंत थंड असून' अशी सुरुवात. वैशाखात, पाठीवर घामाच्या धारा वाहत असताना मी हे वाक्य लिहायचो. एकदा मी गुपचूप 'हिवाळ्यात' हा शब्द घातला. त्यांनी पत्र वाचून दाखवायला लावलं, तो शब्द ऐकला आणि शांतपणे म्हणाले, "हाई मी सांगेल नही." पत्र पुन्हा लिहावं लागलं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्यांनी स्वतःला एका वचनात अडकवून घेतलं होतं. पहिल्या दिवाळीला सुपडू वर आला. अक्काचे गुडघे सुजले होते, तिला झिऱ्यावरून पाणी आणवत नव्हतं. सुपडू म्हणाला, "आबा, आते खाले चला." आबांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि मग म्हणाले, "तीन हिवाळा दे माले. तिसरी होळी पेटस तवलोंग एक पाहुणा मुक्काम करी गया, तं मी अठेच राहसू. नही उना, तं तू म्हणशी तठे." पाहुणा म्हणजे कोण, हेही ठरलं. परका माणूस, डोंगर बघायला आलेला, एक रात्र राहिलेला. मी तिथेच बसलो होतो. म्हणालो, "मग मी रोज राहतोय तो कोण?" आबा हसले. "तुम्हले सरकारनी धाडं. तुम्ही आपला मनथून उनात का?" हे खरंच होतं. मी तर बदलीचा अर्जही करून ठेवला होता.

आबांना तो डोंगर सोडायचा नव्हता. खाली गेले तर ते मरणार नव्हते की उपाशी राहणार नव्हते. पण त्या म्हातारीच्या घरी बघितलेलं काहीतरी आपल्या हातून उभं राहावं, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी मागितली होती. हे मला कळत होतं, म्हणून तर जास्त राग यायचा. माणूस आपलं भलं स्वतःच्या हाताने बिघडवतो तेव्हा बघणाऱ्याने काय करायचं?

बिघडवलं कसं ते सांगतो. दोन रोपांपैकी एक भुसावळ स्टेशनातच सुकलं होतं. दुसरं अंगणात उभं होतं, पाच-सहा वर्षं, ना मरत ना वाढत. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी त्याला पाच फुलं आली. पांढरी, कडेला गुलाबी. सगळं गाव बघून गेलं. मी त्याच दिवशी शेतकी खात्याला पत्र लिहिलं, या वेळी आपल्या मनाने आणि खरं खरं. आणि काय आश्चर्य, उत्तर आलं. एक साहेब स्वतः येणार होते, सातपुड्यात फुललेला सेब बघायला, दोन दिवस मुक्कामाने. मी वळकटी आनंदाने शाळेत नेली.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मी शाळेतून आलो तर अंगणात झाड नव्हतं. बुंध्याशी कोयता पडलेला, आणि मुळातून फुटलेला वीतभर धुमारा, त्याला छान आळं करून पाणी दिलेलं. फुलं गळून गेली होती, म्हणून आबांनी झाड कापलं होतं. जन्मभर केळी केलेला माणूस तो. केळीला एकदा घड आला की ते झाड संपलं, ते कापायचं, बुंध्याशी आलेलं एक जोमदार पिल ठेवायचं, पुढचं पीक त्याच्यावर. पिलबाग हीच त्यांची विद्या. तीच त्यांनी सेबाला लावली होती.

"आबा, मला एका शब्दाने तरी विचारायचं होतंत," मी ओरडलोच.

आबा शांतपणे म्हणाले, "तुम्ही कधी केळ लायेल शे का, गुरुजी?"

दुसऱ्या दिवशी साहेब आठ मैल चढून आले. भला माणूस होता. त्यांनी खुंट बघितला, धुमारा बघितला, आणि हसू दाबत सांगितलं की सेब कलमाचा असतो, हा धुमारा कलमाच्या खालून आलेला आहे, म्हणजे रानटी, याला काही लागायचं नाही. ते जेवले. त्या खुर्चीवर हक्काने बसणारे ते पहिलेच. आबा त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, "सकायले तापी दखाडस ना तुम्हले." साहेब म्हणाले, पुढल्या खेपेला नक्की. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तर ते तरी का थांबतील? संध्याकाळच्या मोटारीसाठी ते उतरून गेले. मी वळकटी शाळेतून परत आणली. त्या दिवशी आबा मला आणायला आले नाहीत.

जूनमध्ये माझी बदली झाली, खाली तापीकाठच्या एका गावी. त्याच उन्हाळ्यात लग्नही झालं. सुटलो, असं मी सगळ्यांना सांगत होतो. पण हिवाळा आला तसा मी मोटार स्टँडवर डोंगराकडचा कुणी दिसला की विचारायला लागलो, आबांकडे कुणी आलं का? कुणी आलं नव्हतं. शेवटी होळीच्या आदल्या दिवशी मी रजा काढली, वळकटी बांधली आणि निघालो. वळकटीत सासूबाईंनी शिवलेली नवी गोधडी होती. बायकोला म्हणालो, दोन दिवसांत येतो.

होळीच्या आठवड्यात पावऱ्यांच्या घरोघर इतके पै-पाहुणे असतात की अंगणात पाय ठेवायला जागा नसते. ढोल चालू होते. आणि ज्याने पाहुण्यांसाठी खोली बांधली, त्याची खोली उघडी आणि रिकामी होती. सुपडू बैलगाडी घेऊन आलेला. अक्काने भांडी बांधायला घेतली होती. मी वळकटी खोलीत ठेवली आणि सरळच सांगितलं, "आबा, मला सरकारने धाडलेलं नाही. मी आपल्या मनाने आलोय, डोंगर बघायला. आज मुक्काम करणार. मोजा मला."

सुपडूने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. अक्काने मान खाली घातली, पण नाही म्हणाली नाही. सुपडू म्हणाला, "आबा, गुरुजी पाहुणाच शेतस. माले मंजूर शे."

आबा माझ्याजवळ आले. माझा हात धरला आणि म्हणाले, "नही, गुरुजी. परकाले जागा देवो तो पाहुणा. तुम्ही घरना शेतस. घरना माणूस मोजीसन मी अठे कसा राहू?" मी खूप बोललो. मूर्खपणा आहे, हट्ट आहे, माझे पाय दुखतायत, सगळं म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातात हंडा दिला. "अक्काना गुडघा दुखतस. झिरावरथून पानी लई या." पाहुण्याला कुणी पाणी आणायला लावत नाही. मी हंडा घेऊन झिऱ्यावर गेलो आणि तिथे बसून रागाने रडलो.

दुसऱ्या रात्री होळी पेटली. सकाळी गाडी भरली. खाट, गादी, चादर, आरसा, खुर्ची, सगळं अक्काने नातवासाठी गाडीत घातलं. साबण तसाच न फोडलेला. आबांनी खोलीला कुलूप लावलं नाही. येणारा कुठे थांबेल मग, म्हणाले. मी सवयीने वळकटी उचलून खांद्यावर घेतली, तर त्यांनी ती हळूच काढून घेतली आणि खोलीत, खाट होती त्या जागी, नीट उलगडून अंथरली. गोधडीवरून दोनदा हात फिरवला.

"राहू द्या," ते म्हणाले, "पाहुणा उना तं लागी."

दोन वर्षं ज्या पाहुण्यासाठी मी माझं अंथरूण बाहेर काढत आलो, त्याच्यासाठी आता ते आत ठेवायचं होतं. या माणसाशी कोण वाद घालणार? मी आठ मैल मोकळ्या हातांनी उतरलो. संध्याकाळी घरी पोचलो, तर बायकोने आधी माझ्या खांद्याकडे बघितलं.

"वळकटी कुठाय?" तिने विचारलं.

"घरी राहिली," मी म्हणालो.