संघटनेचा सेक्रेटरी

मुलीने नेलपॉलिश काढायची बाटली उघडली आणि आमच्या गुडगावच्या फ्लॅटमध्ये अ‍ॅसिटोनचा वास पसरला. दिल्लीत पीएच.डी. करताना हाच वास आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर कोंडलेला असे, कारण वाफा बाहेर ओढणारा पंखा बंद पडला होता.

लातूरची शहनाज आमच्या विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष होती आणि मी सेक्रेटरी. एक मुलगी चक्कर येऊन पडली, तेव्हा आम्ही दोघं अर्ज घेऊन विभागप्रमुखांकडे गेलो. माझे गाईड तिथेच बसले होते.

"ये किसने लिखा है?" प्रमुखांनी विचारलं.

लिहिलं मीच होतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

"मैंने, सर," शहनाज म्हणाली.

बाहेर आल्यावर मी माफी मागितली.

"अरे, तुझा प्रबंध अडकला असता," ती म्हणाली. "माझा झाल्यात जमा आहे."

पंखा महिन्याभरात दुरुस्त झाला. तेव्हा नव्या कंपन्या येत होत्या; वर्षभरात शहनाज गुडगावजवळच्या मानेसरला एका कंपनीत नोकरीला लागली. पगार बघून गेली, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणायचो.

तिचा प्रबंध कधीच सादर झाला नाही. तिचे गाईड खुद्द विभागप्रमुख होते, आणि हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.